एका कारणाला तीन गुण

“लाल पेन आत न्यायचं नाही.”

दारावरच्या शिपाईकाकांनी हात आडवा धरला आणि मी तिथेच अडकले. आधीच सव्वानऊ झालेले, बस चुकलेली, जिना धावत चढल्यामुळे धाप लागलेली, आणि पर्समध्ये पाच पेनं... पाचही लाल! आठ वर्षं पाचवीचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईच्या पर्समध्ये दुसरं काय सापडणार?

“मग तपासू कशाने? काजळाने?”

“हिरवं पेन आणायचं होतं. पत्रात लिहिलंय.”

“दुसरं पान, चौथी ओळ,” मागून आवाज आला.

मी गर्रकन वळले. उंच, चष्मा, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि खिशाला दोन हिरवी पेनं. त्यातलं एक त्याने माझ्यापुढे धरलं होतं.

“घ्या. टोपण जरा चावलेलं आहे... मीच चावलंय.”

घ्यायची अजिबात इच्छा नव्हती. घेतलं. आणि आत जाऊन नावाची चिठ्ठी शोधते तर काय, माझ्या टेबलावरची दुसरी चिठ्ठी त्याचीच!

तर प्रकरण असं होतं. त्या वर्षीपासून सगळ्या सरकारी शाळांच्या पाचवीला एकच चाचणी घ्यायची आणि एकाच मापाने तपासायची, असं ठरलं होतं. वेगवेगळ्या शाळांतून आमच्यासारख्या चाळीस जणांना बोलावून वीस जोड्या केल्या होत्या. सरावासाठी जुन्या, निकाल कधीच लागून गेलेल्या उत्तरांचे गठ्ठे होते. दोघांनी एकच उत्तर वेगवेगळं तपासायचं, चारपैकी गुण द्यायचे आणि शेजारच्या रकान्यात कारण लिहायचं. बारा दिवसांनी परीक्षा, म्हणजे आमची! वीस उत्तरांचा गठ्ठा. एका जरी उत्तरात दोन गुणांचा फरक पडला, तर जोडीने आणखी दोन आठवडे इथेच बसायचं. जुळलं, तर पास. मग दोघांना दोन वेगळ्या केंद्रांवर वर्षभर इतर शिक्षकांना शिकवायला पाठवणार.

पहिल्या दिवशी मला वाटलं, या माणसाशी माझं जन्मात जुळायचं नाही. जुळवायचंही नव्हतं. मुळात ही एकच चाचणी मला पटलेलीच नव्हती. माझी बत्तीस पोरं बत्तीस तऱ्हेची, त्यांना एका फूटपट्टीने मोजणारे हे कोण?

प्रश्न होता, ‘शाळेकडे एक गोष्ट मागायची असेल तर काय मागाल? कारणासह लिहा.’ आणि कोण्या मुलीने लिहिलं होतं, ‘मला आणखी एक शनिवार हवा. कारण शनिवारी शाळा लवकर सुटते तेव्हा बाबा घ्यायला येतात आणि घरापर्यंत माझं दप्तर ते धरतात, मी नुसती चालते.’

मी डोळे पुसले आणि चार दिले. त्याने दोन.

“दोन?” मी जवळजवळ ओरडलेच. “तुम्हाला काळीज आहे की नाही?”

“आहे की. पण चार गुणांना दोन कारणं लागतात. हिने एकच दिलंय.”

“एकच, पण केवढं!”

“केवढं, याचा रकाना नाही, बाई.”

त्या क्षणी मी त्याचं नाव ठेवलं. फूटपट्टी.

तेवढ्यात फूटपट्टी खाली वाकला आणि कागदाची घडी करून टेबलाच्या पायाखाली सरकवायला लागला. “टेबल फार डुगडुगतंय हो...” घडी घातली. टेबल हलतंच. दुसरी घडी घातली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, “टेबल नाही... तुम्ही हलताय.”

खरंच की! माझा पाय. लहानपणापासूनची खोड. मन थाऱ्यावर नसलं की गुडघा नाचायला लागतो आणि मला पत्ताही नसतो. मी पाय घट्ट दाबून धरला. पाच मिनिटांनी पुन्हा सुरू.

“असू दे,” तो म्हणाला. “सवय होईल मला.”

आता यात लाजण्यासारखं काही होतं का? तरी माझे कान तापले.

तिसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी सरळ विचारलं, “सर, मुलांना भरभरून गुण दिले तर तुमचं काय जातं?”

तो कप फिरवत बसला. मग हळूच म्हणाला, “माझ्या गुरुजींनी मला कायम शंभर दिले. फार जीव होता त्यांचा माझ्यावर... सहावीला मोठ्या शाळेत गेलो. पहिल्या चाचणीत पंचवीसपैकी तीन. त्या शाळेतल्या मुलांना जे येत होतं, ते मला कुणी शिकवलंच नव्हतं. आणि शिकवायचं राहिलंय हे मला कळलंही नव्हतं, कारण शंभर मिळत होते ना!”

मी उलट भांडले नाही, ही बातमी होती. आमच्या शाळेत कुणाला सांगितली असती तर पेढे मागितले असते. माझ्या डोळ्यांपुढे माझी बत्तीस पोरं आली, आणि त्यांच्या वहीवरचे माझे लालभडक ‘शाब्बास’. त्यातले खरे किती होते?

पण मीही अशी तशी सोडणारी नव्हे. “ठीक आहे. पण शनिवारवाल्या मुलीचं कारण नुसतं ‘बाबा येतात’ एवढंच नाही. दप्तर कोण धरतं, ती कशी चालते, सगळं उलगडून सांगितलंय तिने. ‘मला आवडतं म्हणून’ लिहिणारा आणि ही सारखेच?”

आता तो टोपण चावत बसला. मग कागद ओढला आणि आम्ही दोघांनी मिळून एक ओळ लिहिली : ‘कारण एकच, पण उलगडून सांगितलेलं असेल, तर तीन गुण.’ केंद्राच्या मोठ्या बाईंकडे ती दिली. सहाव्या दिवशी त्यांनी ती भर हॉलमध्ये वाचून नियमांत घातली. तो माझ्याकडे बघून फक्त भुवया उंचावून हसला. झालं... माझा गुडघा सुटला नाचत.

“हल्ली सारखं फूटपट्टी असं म्हणाला, फूटपट्टी तसं म्हणाला,” आई त्या संध्याकाळी भाजी निवडत म्हणाली. “काय गं, लग्न झालंय का त्याचं?”

“आई! मला काय माहीत?”

“नाही झालेलं. विचारलंयस तू. माझ्याशी कशाला लपवाछपवी?”

विचारलं नव्हतं काही मी. त्याच्या डब्यातली पोळी कायम जळकी असायची, म्हणून सहज म्हटलं होतं, पोळ्या कोण करतं? तर म्हणाला, मीच. मग मी माझ्या डब्यातल्या दोन काढून दिल्या. एवढंच. रोज दिल्या, ते वेगळं.

आणि मग ते भयंकर व्हायला लागलं. आमचे गुण जुळायला लागले! पहिल्या दिवशी तीस उत्तरांत चौदा भांडणं. सातव्या दिवशी चार. नवव्या दिवशी एक. मोठ्या बाई आमच्या टेबलाशी थांबून “छान, छान” म्हणाल्या आणि मी गठ्ठ्यात भांडायला काही सापडतंय का, ते शोधायला लागले. जुळणं म्हणजे पास होणं. पास होणं म्हणजे तो एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. एक अख्खं वर्ष!

अकराव्या दिवशी एकही भांडण नाही. आम्ही दोघं नुसते बसून होतो. वर पंखा फिरत होता. गठ्ठ्यावरचा कागद उडायला लागला, मी हात ठेवला, त्यानेही नेमका तेव्हाच ठेवला...

“सर...”

“बाई...”

“काही नाही.”

“माझंही काही नाही.”

बोलला असता तर काय बिघडलं असतं त्याचं? आणि माझं तरी? एरवी तोंडाचा पट्टा चालतो माझा, नेमकी तेव्हाच वाचा बसली.

बाराव्या दिवशी परीक्षा. मधे पुठ्ठा उभा केलेला, बोलायचं नाही, बघायचं नाही. मी प्रामाणिकपणे सोळा उत्तरं तपासली. सतरावं हातात घेतलं. ‘मला खिडकीजवळची जागा हवी. कारण तिथून फळा चकाकत नाही. आणि समोरच्या वर्गात बसलेली माझी बहीण दिसते.’ स्वच्छ मागणी, दोन कारणं. डोळे मिटून चार. फूटपट्टी इथे चारच देणार, काळ्या दगडावरची रेघ.

म्हणून मी दोन दिले.

कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘मागणी पुरेशी स्पष्ट नाही.’ आठ वर्षांत पहिल्यांदा मी धडधडीत खोटं लिहिलं, तेही त्याच्याच हिरव्या पेनाने. कुणा मुलाचं त्यात वाकडं होणार नव्हतं, हे खरं. तरी लाज वाटलीच. पण आणखी दोन आठवडे... फक्त दोन आठवडे हवे होते मला.

तासाभराने मोठ्या बाईंनी आम्हाला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं.

“वीसपैकी वीस जुळले,” त्या म्हणाल्या.

मला काही समजेना. कसे जुळतील?

“एकोणीस आमच्या मूळ गुणांशीही जुळतात. सतरावं मात्र... मूळ गुण चार. तुम्ही दोघांनी दिलेत दोन. एकाच उत्तराला, एकसारखेच चुकीचे.” त्यांनी चष्मा काढला. “नक्कल कुणी केली? सांगा. म्हणजे एकाच्याच शाळेत पत्र जाईल.”

नक्कल! माझ्या बत्तीस पोरांना कळणार, बाईंनी नक्कल केली? मी शेजारी पाहिलं. फूटपट्टी पांढराफटक.

“यांनी नाही केली,” मी म्हणाले. “मीही नाही. मी मुद्दाम चुकीचे दिले. आम्ही जुळू नये म्हणून. जुळलो असतो तर... आम्हाला वेगळं पाठवलं असतं. आणि मला ते नको होतं.”

बाहेर पडलेले शब्द मलाच ऐकू आले आणि वाटलं, आता धरणी दुभंगली तर बरं!

“कारणाचा रकाना वाचते दोघांचा,” मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या. “यांचा, ‘मागणी पुरेशी स्पष्ट नाही.’ आणि सरांचा...” त्या थांबल्या. “‘उत्तरात खोट नाही. खोट तपासणाऱ्याच्या मनात आहे. त्याला इथून जायचं नाही.’”

मी त्याच्याकडे बघतच राहिले.

“तुम्ही चक्क खोटं लिहिलंत?” तो पुटपुटला.

“तुम्ही चक्क खरं लिहिलंत!”

“खोटं कारण सुचेना हो... उत्तर इतकं चांगलं होतं.”

“पुरे!” मोठ्या बाईंनी टेबलावर थाप मारली. ओठ दाबून धरले होते त्यांनी, रागाने की हसू आवरायला, देव जाणे. “मुलं चुकली तर आपण पुन्हा चाचणी घेतो. उद्या नवा गठ्ठा. दोघं हॉलच्या दोन टोकांना. आणि यावेळी एकमेकांकडे बघून नाही, उत्तराकडे बघून गुण द्या. निघा!”

दुसऱ्या दिवशी मी एकटी बसले. त्या दप्तरवाल्या मुलीची आठवण ठेवून एकेक उत्तर वाचलं आणि एकेक गुण खरा दिला. अकराव्या उत्तराशी मान वर केली तर काय, माझा पाय शांत होता. हॉलच्या त्या टोकाला मात्र एक टेबल डुगडुगत होतं, आणि त्याला कागदाच्या घडीचा काही उपयोग नव्हता.

वीसपैकी वीस. मूळ गुणांशीही.

मला डोंगराकडचं केंद्र मिळालं, त्याला बंदराकडचं. मधे बसचे सहा तास. यादी वाचली. दारावर शिपाईकाकांकडून मी माझी लाल पेनं परत घेतली आणि आम्ही जिना उतरलो. फाटकाशी माझी घरची बस उभीच. मी हिरवं पेन त्याच्यापुढे धरलं.

“ठेवा,” तो म्हणाला. “लागेल... आता.” आणि चार घड्या घातलेला कागद माझ्या हातात कोंबला. “तपासून द्या. नियमाप्रमाणे.”

मी उघडला. वर चाचणीचा तोच प्रश्न लिहिलेला, फक्त ‘शाळेकडे’ हा शब्द खोडलेला. खाली उत्तर :

‘मला या बाईंच्या शेजारची जागा हवी, कायमची. कारण त्यांचा पाय हलायला लागला की माझं टेबलही हलतं, आणि आता स्थिर टेबलावर बसलं की मला चुकल्याचुकल्यासारखं होतं.’

कंडक्टरने घंटी वाजवली. अक्षरं डोळ्यांपुढे पाण्यात तरंगायला लागली. पण आठ वर्षांची सवय, मी कागद बसच्या पत्र्यावर टेकवला आणि गुण दिले. परत केला.

त्याने पाहिलं. तोंड उतरलं.

“तीन?”

“एकच कारण आहे. उलगडून सांगितलंय, म्हणून तीन. नियम आपणच लिहिलाय, सर.”

“अहो, पण...”

“चार हवे असतील तर दुसरं कारण लागेल.” मी पायरीवर चढले. बस हलली. माझा गुडघाही. “रविवारी घरी या. आईसमोर तोंडी परीक्षा घेते!”

तो बसबरोबर चालायला लागला, मग धावायला. तो कडक इस्त्रीचा शर्ट, तो चष्मा, हातात फडफडणारा कागद...

“दुसरं कारण आत्ताच सांगतो!” भर रस्त्यात तो ओरडला. “तुमच्यावर प्रेम आहे माझं!”

अख्खी बस खिडकीकडे वळली. मी पर्समधून माझं जुनं लाल पेन काढलं, तळहातावर भला मोठा चार लिहिला आणि हात खिडकीबाहेर काढून त्याला दिसेनासा होईपर्यंत तसाच धरून ठेवला.