रेकॉर्ड जिथे मंदावते

खोटं लिहायला मेहनत लागते. या वयात तेवढी ताकद माझ्यात उरलेली नाही, म्हणून जे घडलं तेच लिहितोय.

वेळ रात्रीची नव्हती, त्याबद्दल माफी असावी. गेल्या मे महिन्यातला मंगळवार, दुपारी तीनचा सुमार. इंदूरच्या अन्नपूर्णा भागातलं आमचं घर. ऊन असं, की भूतसुद्धा छत्री घेऊन निघेल.

माझ्या बायकोला, रमाला, जाऊन तेरा महिने झाले होते. तिचा जुना रेकॉर्ड प्लेअर आणि तिची आवडती ख्यालाची रेकॉर्ड मागे उरली होती. दुपारी ती लावली, की घरात रमा आहे असं वाटायचं आणि मला झोप लागायची.

एरवी लागायची नाही.

त्या मंगळवारी तिसऱ्या मिनिटाला गाणं अचानक जड झालं... गाणाऱ्या बाईंचा आवाज पुरुषासारखा झाला...

चार सेकंद. मग पुन्हा ठीक.

बुधवारी तिथेच. गुरुवारीही तिथेच.

जुनी इंदूर भागातले वासुदेव मिस्त्री मशीन आपल्या दुकानात घेऊन गेले. थाळी फिरवणारा रबरी पट्टा बदलला. मोटरला तेल पाजलं. दोन तास तीच रेकॉर्ड वाजवली.

"एकदम टकाटक आहे, कृष्णरावजी. तुमचे कानच स्लो झाले असतील."

"तसं असतं तर तुमची बडबड पण स्लो ऐकू आली असती."

मशीन घरी आणली. तिसरं मिनिट आलं...

पुन्हा जड.

वासुदेव वैतागून घरी आले. "नवा पट्टा कुठेतरी चिकटतोय, भिया. और क्या!" त्यांनी पट्ट्याला टाल्कम पावडर चोळली. थोडी थाळीच्या कडेवरही सांडली.

रेकॉर्ड लावली. आम्ही दोघं समोर बसलो, हात आपापल्या मांडीवर.

तिसऱ्या मिनिटाला गाणं ओढल्यासारखं झालं... आणि कडेवरच्या पावडरीत एक रेघ उमटत गेली... गोल...

बोटाएवढी रुंद.

"कृष्णरावजी, पंखा बंद करा."

"बंदच आहे."

"मग चालू करा."

शेवटी मी त्यांना सांगितलं. रमा या रेकॉर्डवरून गाणं शिकायची. अवघड तान आली, की थाळीच्या कडेला बोट टेकवून गाणं मंद करायची आणि मागोमाग म्हणून बघायची. पट्टा खराब होईल म्हणून मी तीस वर्षं ओरडलो. तिसऱ्या मिनिटाची तान तिला कधीच जमली नाही.

वासुदेवांनी चहा अर्धाच सोडला. "हा फॉल्ट माझ्या लाइनचा नाही," म्हणाले, आणि उजव्या पायात डावी चप्पल घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी एकटा बसलो. गाणं मंदावलं... आणि त्या संथपणात कुणीतरी बारीक गुणगुणलं.

तान शेवटाला चुकली.

"वरचा सूर राहिला," मी नेहमीसारखाच बोलून गेलो.

खोलीत कुणी नाही हे मग आठवलं.

चार दिवसांनी गुणगुणणं पक्कं सुरात आलं. त्यानंतरच्या दुपारी तिसरं मिनिट सरळ निघून गेलं. मला हसू आलं. घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं.

मग चौथ्या मिनिटाला थाळी मंदावली...

एक तान जमली, की ती पुढे सरकत होती.

जूनमध्ये नववं मिनिट. ऑगस्टमध्ये सतरावं. गाणं आहे बावीस मिनिटांचं. ते पूर्ण आल्यावर ती इथे कशाला थांबेल?

एकविसाव्या मिनिटापाशी मी रेकॉर्ड लावणंच सोडलं. प्लग काढला. पट्टासुद्धा काढून कपाटात ठेवला. झोप गेली तर गेली, रमा राहिली पाहिजे.

काल दुपारी पलंगावर नुसता पडून होतो.

तीन वाजले. बाहेरच्या खोलीतून आवाज आला... जड, ओढलेला... पट्टा नाही, वीज नाही, तरी गाणं चालू होतं.

मी उठलो नाही. शेवटची तान होती.

एकदा चुकली.

दुसऱ्यांदा अगदी थोडक्यात चुकली...

तिसऱ्यांदा सुरू झाली तेव्हा मी दोन्ही कानांवर उशी दाबून धरली.

जमली की नाही, मला माहीत नाही. अजून मी त्या खोलीत गेलेलो नाही.