करमत नाही म्हणजे काय?

लॉन्ड्रोमॅटच्या ड्रायरमध्ये कपडे टाकून पद्मिनी बाहेर आली, तर शेजारच्या आयरिश पबमधून पेटीचे सूर येत होते. पेटी… अमेरिकेत, फ्रीमाँटमध्ये? नागपूर सोडल्यापासून तिनं पेटीला हात लावला नव्हता. ऑफिस, भाड्याची खोली, रविवारी कपडे. फोनवर आईनं "करमतं का गं?" विचारलं की ठरलेलं उत्तर — "हो गं, मैत्रिणींबरोबर आहे."

ती आत शिरली. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती पाचसहा जण वाजवत होते. कुणाकडे फिडल, कुणाकडे बासरी, आणि एका सावळ्या तरुणाच्या हातात ओंजळीएवढा सहाकोनी भाता.

"अगं बाई, हे तर पेटीचं पिल्लू!" ती पुटपुटली.

"पिल्लू नाही, कॉन्सर्टिना," तो हसला. "माझ्यापेक्षा म्हातारी आहे. रिस्पेक्ट दे तिला."

ती चपापली. "तुम्ही… मराठी?"

"आईबाबा सोलापूरचे, मी इथेच अमेरिकेत वाढलेला, आयसेलिनचा. शिव. कॉलेजमधल्या आयरिश रूममेटनं बिघडवलं यार!"

मग रविवार बदलले. ड्रायर थांबून कपडे गार व्हायचे, तरी पद्मिनीचा पाय निघायचा नाही. शिव सांगायचा, या धुना कागदावरून नाही, कानानं शिकायच्या. एकदा त्यानं आयर्लंडमधल्या जुन्या दुष्काळाची गोष्ट सांगितली. बटाट्याचं पीक कुजलं, माणसं जहाजं भरभरून अमेरिकेला निघाली. निघायच्या आदल्या रात्री घरात नाच, गाणी आणि रडारड… कुणी गेल्यासारखी.

"का?"

"परत कोणी येणारच नव्हतं ना."

पद्मिनीनं मान फिरवली. शिवनं तिच्यापुढे टिश्यू सरकवला आणि नाचाची अशी उडती जिग सुरू केली, की ती रडता रडता हसली.

एका रविवारी मात्र तो उशिरा आला. कॉन्सर्टिनाचा पट्टा उगाच ओढत राहिला.

"पद्मिनी, मी आयर्लंडला जातोय. तिथल्या क्लेअर भागात. एक म्हातारे वादक वर्षभर शिकवायला तयार झालेत. बुधवारची फ्लाइट आहे."

"अरे वा! काँग्रॅट्स!" ती जरा जास्तच मोठ्यानं म्हणाली.

त्या दिवशी त्यानं एक संथ धून एकट्यानं वाजवली. बाकीच्यांनी वाद्यं मांडीवर ठेवली. भाता श्वास घेतल्यासारखा उघडत-मिटत होता, आणि शिव सगळा वेळ तिच्याकडेच बघत होता.

पार्किंगमध्ये बोचरा वारा सुटला होता.

"थांब म्हण ना," तो हळूच म्हणाला.

"नाही म्हणणार. तू खरंच थांबशील."

मग तिच्याच्यानं राहवेना. "पण मला… करमणार नाही रे."

"करमणार नाही, म्हणजे? बोअर होणार?"

"नाही! म्हणजे… जेवण असतं, काम असतं, सगळं असतं. आणि तरी…" पुढचं तिला सांगता येईना.

शिवनं तो शब्द ओठांतल्या ओठांत घोळवला.

"मला पण तिथे… कर्-माणार नाही. तुझ्याशिवाय."

उच्चार पार चुकला होता. पद्मिनीनं सुधारला नाही. तिनं फक्त त्याचा गार हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

मग त्याची गाडी निघाली, सिग्नलपाशी वळली, दिसेनाशी झाली. पद्मिनी तिथंच उभी होती. एकटीच… पण या देशात पहिल्यांदाच, कुणाची तरी वाट बघत.