चांदबिबीच्या महालावरचा आरसा

माळीवाड्याच्या एसटी स्टँडसमोर, भर सकाळी, बनूच्या डोळ्यात सूर्य शिरला.

पुरता सूर्य नव्हे, त्याचा पापडाएवढा तुकडा. पण तो असा नेमका शिरला की डोक्यावरचं सुताचं गाठोडं घसरलं, रस्त्यात सुटलं आणि पांढऱ्याशुभ्र लड्या गनीभाईच्या दुकानापुढच्या भाड्याच्या सायकलींत जाऊन अडकल्या. बनूनं डोळे चोळून पाहिलं. समोर एक उंच, सावळा तरुण. एका हातात कंगवा, दुसऱ्यात खिशातला चौकोनी आरसा. कोपरगावच्या गाडीनं विस्कटलेला भांग तो जागेवर आणत होता आणि आणता आणता नगरच्या उन्हाशी खेळत होता.

"अहो भांगवाले! गावात पाय ठेवल्या ठेवल्या लोकांना आंधळं करायचं ठरवून आलात का?"

"माफ करा हं… आरशात मागचं काही दिसलं नाही."

"आरशात मागचंच तर दिसतं!"

तरुण लाजला. लाजलेला तरुण भर बाजारात फार वेळ उभा राहू शकत नाही, म्हणून तो खाली बसला आणि सूत गोळा करू लागला. दोन लड्यांच्या त्यानं चार गाठी केल्या.

"राहू द्या," बनू म्हणाली. "तुमच्या हातात अजून थोडा वेळ राहिलं, तर आबांना लुगड्याऐवजी मासे धरायचं जाळं विणावं लागेल."

सायकलवाले गनीभाई दाढीत हसत होते. तरुण उठून त्यांच्याकडे वळला. "चाचा, दिवसभरासाठी एक सायकल हवी होती. गाव बघायचंय."

"जरूर. गावात ओळख कुणाची?"

"कुणाचीच नाही. उद्या श्रीगोंद्याच्या साखर कारखान्यात हजर व्हायचंय. मधे एक रविवार मिळाला, म्हणून इथं उतरलो."

"मग सायकल नाही. बाहेरगावच्या माणसाला गावातलं कुणीतरी ओळखणारं लागतं, बेटा. मागं एक पाहुणा 'आलोच' म्हणून माझी सायकल घेऊन गेला. त्याचं लगीन झालं, पोरं झाली, पोरं सायकल शिकली म्हणतात… माझ्याच सायकलवर!"

तरुणाचा चेहरा असा उतरला की बनूला स्वतःचा राग आला. उतरलेला चेहराही बरा दिसत होता, याचा राग.

"द्या हो गनीचाचा. मी ओळखते यांना."

"तू, बनू? कधीपासून?"

"आत्तापासून. आल्या आल्या माझ्या डोळ्यात उजेड पाडला त्यांनी. आणखी काय ओळख पाहिजे?"

गनीभाईंनी बनूला लहानपणापासून खांद्यावर खेळवलेलं. तोफखाना पेठेत हातमाग चालवणारे सहादेव, बनूचे आबा, त्यांचे दोस्त. ते पोपटी मडगार्डची एक सायकल पुढे ढकलत म्हणाले, "सायकल माझी, शब्द बेटीचा. दिवेलागणीच्या आत परत. म्हणजे… दिवे लागले असते तर!"

कारण दिवे लागत नव्हते. एकाहत्तरचा डिसेंबर होता तो. सरहद्दीवर लढाई चाललेली, आणि नगर पडलं लष्कराचं गाव. खिडक्यांना काळे कागद, आणि अनोळखी माणसाकडे प्रत्येकाची तिरपी नजर. आमच्या नगरात तर त्या दिवसांत कावळ्यालासुद्धा नाव-गाव विचारल्याशिवाय कौलावर बसू देत नसत. एका बोकडाची दाढी संशयास्पद वाटली म्हणून त्याला दोन दिवस बांधून ठेवलं होतं. खोटं वाटत असेल, तर बोकडाच्या मालकाला विचारा.

"नाव काय तुमचं?" बनूनं विचारलं.

"राधाकृष्ण."

"अगंबाई! राधाही तुम्हीच, कृष्णही तुम्हीच. म्हणजे तिसऱ्या कुणाला जागाच नाही."

"दोघं मिळून एकटेच असतात…" राधाकृष्ण सायकलच्या घंटीशी चाळा करत म्हणाला. "तुम्ही रस्ता तरी सांगा. काय काय बघू?"

आणि बनूनं त्याला नगर सांगितलं. तसं नगर आजवर कुणी कुणाला सांगितलं नसेल.

"आधी किल्ला. आत सोडणार नाहीत, विचारूही नका. पण खंदकाच्या कडेनं सावकाश एक फेरी मारा, किल्ला बाहेरूनच जास्त देखणा आहे. रस्ता चुकलात तर टांगेवाल्याला विचारायचं नाही. चार पावलांवरचं ठिकाणही तो म्हणेल, फार लांब आहे साहेब, बसा! किल्ल्याजवळ लंकाबाई पेरूवाली बसते, तिला विचारा. आधी पेरू घ्यायचा, मग विचारायचं. पेरू न घेता विचारलं तर ती दौंडचा रस्ता दाखवते."

"बरं. मग?"

"मग भिंगारवरून सरळ चांदबिबीच्या महालावर. आत चांदबिबी नाही अन् महालही नाही, सलाबतखानाची कबर आहे. पण आम्ही तिला चांदबिबीच म्हणतो. पाणी इथूनच न्या. चढाला सायकल हातात धरा, छाती काढून दाखवायला वर कुणी नसतं. आणि वर वारा असा की मागं एका गृहस्थाची टोपी उडाली, ती पाथर्डीच्या बाजारात सापडली. विकायला!"

"टोपी नाही माझ्याकडे."

"भांग आहे ना! तो सांभाळा."

राधाकृष्णानं टांग मारली. दोन पॅडल मारून थांबला. वळून पाहिलं. बनू लड्या झटकत होती, पण बघत इकडेच होती.

"आणि…" ती जरा हळू म्हणाली, "तुम्ही वर पोचलात हे मला कसं कळणार? शब्द माझा अडकलाय. दुपारी ऊन कललं की वरून आरसा दाखवा. मी माळवदावर सूत वाळत घालत असते. तिथून महाल दिसतो."

"आणि तुम्ही पाहिलंत, हे मला कसं कळणार?"

बनूनं विचार केला. गालातल्या गालात हसली. "पांढऱ्या सुतात एक लाल लडी टांगीन."

दुपार झाली. राधाकृष्ण महालाच्या वरच्या सज्जात पोचला, तेव्हा त्याचा भांग पाथर्डीकडे निघून गेला होता. खाली सगळं नगर उन्हात पसरलेलं. कुठलं माळवद कुणाचं, काही कळेना. त्यानं आरसा काढला. त्यानं सूर्य पकडला आणि गावावर सोडला.

तो कवडसा बनूला दिसला यात नवल नाही. नवल हे, की तो सगळ्यांनाच दिसला! चितळे रोडवर गिऱ्हाईक आणि दुकानदार भाव सोडून वर बघू लागले. भिंगारची एक म्हैस धार मधेच थांबवून डोंगराकडे तोंड करून उभी राहिली. "इशारा!" कुणीतरी ओरडलं. "डोंगरावरून इशारा चाललाय!"

इकडे माळवदावर बनूनं रंगाच्या पातेल्यातून लडी उचलली. कोपरापर्यंत लाल झाली. दोरीवर टांगली. आणि कितीतरी वेळ, काही काम नसताना, तिथंच उभी राहिली.

इतक्या कोसांवरून ती लडी आपल्याला दिसली, असं राधाकृष्ण पुढे जन्मभर सांगत आला. दिसली असेल. त्या वयात दिसतं.

संध्याकाळी तो पोपटी मडगार्ड हलवत, शीळ घालत, वेळेच्या आत परतला, तर गनीभाईच्या दुकानापुढं ही गर्दी! सगळ्यांच्या पुढे मुंडासं बांधलेला, गळ्यात शिट्टी अडकवलेला एक दणकट म्हातारा. तोफखान्याच्या राखणमंडळाचा म्होरक्या. तेच ते, सहादेव.

"ह्योच का गं लंकाबाई?"

"ह्योच! सायकलबी हीच, पोपटी मडगार्डाची!" पेरूवाली पुढे झाली. "पेरू घेतला आन् मला इचारतो, मावशी, खंदक लई खोल हाय का? गोड गोड बोलत हुता. तवाच वळखलं म्या!"

"किल्ल्याला फेरी मारलीस?"

"मारली."

"टांगा का न्हाई केलास? म्हंजी टांगेवाल्यानं तोंड बघू नये म्हून?"

राधाकृष्णानं गनीभाईंकडे पाहिलं. गनीभाईंनी आभाळाकडे. बनूनं सकाळी दिलेला एकेक सल्ला आता फिरून त्याच्याच गळ्याशी येत होता.

"खिसं उलटं कर!"

कंगवा निघाला. अर्धा पेरू निघाला. आणि आरसा. गर्दीतून "आऽऽ" असा आवाज उठला.

"कुनाला दावत हुतास ह्यो?"

एक नाव सांगितलं की सुटका होती. पण ते नाव एका मुलीचं होतं, आणि समोर अख्खी पेठ उभी होती. उद्या तो श्रीगोंद्याला जाईल. तिला इथंच राहायचं होतं.

"केस विंचरत होतो," तो म्हणाला.

"चांदबिबीवर? त्या वाऱ्यात? कुनासाठी रं?"

राधाकृष्णानं मान खाली घातली.

"सांगू नगंस! पोलिसांम्होरं सांगशील. चला रं, घ्या त्याला!" सहादेवांनी शिट्टी वर उचलली. "आन् ऐका, ह्यो येकटा न्हाई. त्याला गावातनं जबाब दिला कुनीतरी. भिंगारच्या दूधवाल्यानं सोता बघितलं, कुनाच्या तरी माळवदावर लाल निशान चढलं. त्ये घर मला घावू द्या. त्या घराच्या मालकाला भर चौकात हुबा केल्याबिगर मी मुंडासं घालनार न्हाई!"

"मग काढा मुंडासं, आबा."

गर्दी दुभंगली. बनू उभी होती. सायकल परत आली का बघायला आलेली. हात अजून कोपरापर्यंत लाल. राधाकृष्णानं तिच्याकडे बघून मान हलवली… नको, बोलू नका. तिनं ते पाहिलं. त्यानं गप्प राहून काय सांभाळलं होतं, तेही तिला कळलं. आणि नेमक्या त्याच क्षणी, जे सकाळपासून डोळ्यात खुपत होतं, ते काळजात जाऊन बसलं.

"तो उजेड माझ्यासाठी होता," ती म्हणाली. "मीच सांगितलं होतं दाखवायला. लाल लडीही मीच टांगली. आपल्या माळवदावर. खंदक, लंकामावशी, टांगा… सगळं मी सांगितलेलं. त्यांना पोलिसांत न्यायचं, तर मलाही न्या."

गर्दीतल्या साऱ्या माना सहादेवांकडे वळल्या. फुंकायला धरलेली त्यांची शिट्टी तोंडातच राहिली होती. त्यांनी श्वास सोडला, आणि त्या शिट्टीतून चिमणीच्या पिल्लासारखा एक बारीकसा आवाज निघाला… चीं.

लंकाबाईनं पदर तोंडात कोंबला. पण हसू काही पदरात मावलं नाही. ती हसली, मग गनीभाई हसले, मग माळीवाडा हसला. फक्त तिघं हसत नव्हते. बाप लेकीकडे बघत होता, लेक जमिनीकडे, आणि राधाकृष्ण त्या लाल हातांकडे.

"कुठला तू?" सहादेवांनी शेवटी विचारलं.

"कोपरगावचा."

"काम?"

"साखर कारखान्यात. प्रयोगशाळेत. रस तपासतो."

"हितं… वळख कुनाची?"

राधाकृष्ण काही बोलणार, त्याआधी बनू म्हणाली, "माझी."

सहादेवांनी मुंडासं उतरवलं. बराच वेळ ते हातात फिरवलं. गनीभाई सायकलीचं चाक तपासल्यासारखं करत पुटपुटले, "पोरीचं नाव घेतलं नाही, सहादेवा. अन् सायकलपण वेळेत आणली. असला माणूस माझ्या दुकानावर फार कमी येतो, बाबा."

"तू गप, गन्या." सहादेवांनी आरसा स्वतःच्या खिशात घातला. "ह्यो जप्त. लढाई हाय, कायदा म्हंजी कायदा."

"बरं," राधाकृष्ण खालच्या आवाजात म्हणाला.

"फुडच्या आयतवारी येऊन घेऊन जा. हितं न्हाई. घरी." ते दोन पावलं चालून गेले आणि मागं न बघताच म्हणाले, "आन् येकला येऊ नगंस. घरातलं कुनी वडीलमानूस असंल, तर त्यालाबी घेऊन ये. आमच्यात बी अनोळखी मानसाला कुनी काय देत न्हाई."

लंकाबाईनं उरलेल्या अर्ध्या पेरूच्या जागी एक अख्खा पेरू राधाकृष्णाच्या हातात ठेवला. बनूनं पाहिलं, आणि लाल हात पाठीमागे लपवले.

"येऊ ना?" त्यानं विचारलं.

"रस्ता माहीत आहे?"

"नाही… चुकलो तर?"

"टांगेवाल्याला विचारू नका," ती म्हणाली, आणि पळाली.

त्या आठवड्यातच लढाई संपली. खिडक्यांचे काळे कागद निघाले, आणि नगरला आपलेच दिवे नवे वाटू लागले. पुढच्या रविवारी श्रीगोंद्याची गाडी माळीवाड्याला लागली. कोपरगावहून आलेली राधाकृष्णाची आत्या, छबूबाई, स्टँडवर त्याची वाटच बघत होती.

त्यानं फुटबोर्डावरून पाय खाली टेकला. खिशाकडे हात गेला. आरसा नव्हता. भांग हातानंच सारखा करावा म्हणून त्यानं मान वर केली…

आणि त्याच्या डोळ्यात सूर्य शिरला.

पापडाएवढा तुकडा. स्टँडपासून तोफखाना कितीतरी लांब, मधे दुकानं, झाडं, घरं. ह्या सगळ्यांवरून तो कसा आला असेल, मला विचारू नका. पण आला. आत्याबाई डोळ्यावर आडवा हात धरून म्हणाल्या, "अरे राधा, कोण रे हे, भर दिवसा चमकवतंय?"

"आत्या," राधाकृष्ण म्हणाला, "रस्ता सापडला."