तिसरं इंजिन

मला बोट चालवायची होती, एवढंच. हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकलं की लोक हमखास विचारतात, "टीचर, तुम्हांला आधी काही चाहूल लागली होती का?" नव्हती लागली. जानेवारीतला शनिवार होता, शाळेला सुट्टी होती, आणि थर्मासमध्ये चहा भरून मी पहाटे वटारहून स्कूटीवर पाचूबंदरला निघाले होते.

मी फेलिशिया. बावीस वर्षं गणित शिकवते. आमच्या वाडीपासून समुद्र हाकेच्या अंतरावर, पण बोटीच्या सुकाणूला मला कधी कुणी हात लावू दिला नाही. बाईमाणसाचं ते काम नव्हे, असं सगळे म्हणायचे, आणि मीही ते ऐकून घ्यायचे. पन्नाशी लागली तेव्हा मात्र एका बंद पडलेल्या जलक्रीडा केंद्राची जुनी फायबर बोट विकत घेतली. नऊ वर्षं ती ताडपत्रीखाली पडून होती. मागे टांगलेली दोन पेट्रोल इंजिनं, दोन्ही गंजलेली. सिद्धेशनं ती पाच महिने खपून जिवंत केली. सिद्धेश माझा जुना विद्यार्थी. माझ्याच विषयात दोनदा नापास झालेला, आणि आता वालीवला त्याची इंजिन-दुरुस्तीची शेड आहे. राहतो गोखिवऱ्याला.

पावणेसातला भरती पूर्ण होणार होती. आमची बोट त्याच वेळी उतारावरून पाण्यात जाऊ शकत होती. बोट खाली सोडताना धक्क्यावर ज्युलियस अंकल उभे होते. सत्तर वर्षांचे, सगळी हयात खाडीत गेलेली.

"टीचर, ही डबी जाईल," ते म्हणाले, "पन परत येनार नाय."

धक्क्यावरची चारपाच माणसं हसली. मीही हसले. पण ते पुन्हा पाण्याकडे बघायला लागले, तेव्हा कळलं की ते आम्हांला बघायला आलेच नव्हते. त्यांचा मुलगा क्लेटन आदल्या संध्याकाळी जाळं घेऊन गेला होता आणि अजून आला नव्हता.

"येईल," ते स्वतःशीच म्हणाले. "नायगावला झोपला असंल."

दोन्ही इंजिनं पहिल्याच झटक्यात लागली. काय सांगू तुम्हांला तो आवाज! डाव्याचा जरा जाड, उजव्याचा बारीक. मी वेगाचे दोन्ही दांडे पुढे ढकलले आणि बोटीनं नाक वर केलं. सिद्धेश मागे उकिडवा बसून, डोळे मिटून नुसता ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान मी वर्गात कधी पाहिलं नव्हतं.

"दहा मिनिटं," तो म्हणाला. "मग मागे फिरायचं."

किनाऱ्यावरच्या जुन्या किल्ल्याचा तट डाव्या हाताला दिसत होता. मग तो दिसेनासा झाला.

धुकं थंडीत खाडीवर येतंच. पण हे वरून उतरलं नाही, पाण्यातूनच वर आलं. आधी आमचे पाय त्यात बुडाले, मग गुडघे, मग सगळंच पांढरं झालं. मी दांडे मागे घेतले. त्या पांढऱ्यात एक वास होता. ओहोटीच्या चिखलाचा वास मला ठाऊक आहे, हा तो नव्हता. कित्येक वर्षं बंद असलेलं कपाट उघडावं तसा होता, फक्त ओला.

"टीचर," सिद्धेश हळूच म्हणाला, "तीन आहेत."

"काय तीन?"

"इंजिनं. मला तीन ऐकू येतायत."

मी कान दिला. जाड आवाज, बारीक आवाज... आणि त्यांच्या खाली एक एकसुरी टुक-टुक. दुसरी बोट असेल म्हणून मी हाक मारली. उत्तर आलं नाही.

सिद्धेशनं आमची दोन्ही इंजिनं बंद केली. तिसरं चालूच राहिलं.

आवाज उजवीकडून येत नव्हता, डावीकडूनही नाही. माझ्या तळपायांना तो कळत होता. बोटीच्या तळातून वर येत होता.

मला खरंच मागे फिरायचं होतं. पण मागे कुठे, तेच कळेना. तेवढ्यात धुक्यातून एक माणूस ओरडला. आवाज बसलेला होता.

"कोन हाय? कोन हाय तिकडं?"

आम्ही इंजिनं लावली आणि हळूहळू त्या दिशेनं गेलो. वीस हातांवर एक लहान होडी दिसली. ती चालत होती. टोकापाशी पाणी दुभंगत होतं, मागे लाटेची रेघ उमटत होती. आणि तिचं इंजिन वर उचललेलं होतं. पंखा हवेत, कोरडा, स्थिर.

मधल्या फळीवर क्लेटन बसला होता. ओठ काळेनिळे पडलेले. होडीच्या टोकावरून एक दोर आत आला होता, काथ्याचा, बोटाएवढा जाड, हिरवट. त्याचे दोन वेढे क्लेटनच्या घोट्याला होते. दोराचं दुसरं टोक सरळ पाण्यात उतरलं होतं. ताठ, सतारीच्या तारेसारखं.

"मी बांधला नाय," क्लेटन म्हणाला. त्याला आधी तेच सांगायचं होतं. "इंजिन रात्रीच बंद पडलं. डोळा लागला. उठलो तर ह्यो पायाला... सुरी चालवली, टीचर. कापत नाय."

आम्ही त्याच्या शेजारून जात होतो, आणि मी दांडे अर्ध्यावर ठेवूनही ती होडी मागे पडत नव्हती. सिद्धेश वाकला, दोन्ही हातांनी वेढे सोडवायला गेला आणि चटका बसावा तसे हात मागे घेतले.

"थरथरतोय," तो म्हणाला. "दोर... थरथरतोय. त्याच्या टोकाला इंजिन आहे."

क्लेटननं मान वर केली. "ऐकताय ना तुम्ही? तो आवाज वळखतो मी. माझ्याच इंजिनाचा हाय."

त्याच्या मागे ते इंजिन हवेत टांगलेलं होतं, गप्प. आणि पाण्याखाली ते चालत होतं.

पुढून वारा आला. मोकळ्या समुद्राचा वारा, त्यात किनाऱ्याचा काहीच वास नसतो. आम्ही खाडीच्या तोंडाशी आलो होतो. ओहोटी लागली होती.

मी गणिताची बाई आहे. भीती वाटली की मी आकडे मांडते. ओढणारं एक इंजिन. आमच्याकडे दोन. जुनी असली तरी दोन.

"सिद्धेश, आपला नायलॉनचा दोर. त्याच्या होडीच्या मागच्या खुंटाला बांध."

"टीचर, डावं इंजिन एवढा भार..."

"बांध."

त्यानं बांधला. दिशा कुठली, हा प्रश्न उरलाच होता. आणि तेव्हा, लांबून, धुक्यापलीकडून बंदरावरच्या चर्चची घंटा वाजली. सकाळच्या मिस्साची. आयुष्यभर आमच्या वाडीतल्या अशाच घंटेनं मला झोपेतून उठवलंय, आणि मी कुरकुरत उठलेय. त्या दिवशी मी त्या आवाजाकडे बोटीचं तोंड केलं आणि दोन्ही दांडे शेवटापर्यंत ढकलले.

आमचा दोर ताणला गेला. बोट थांबली. दोन इंजिनं पूर्ण जोरात, मागे पाणी नुसतं उकळतंय, आणि बोट जागच्या जागी. क्लेटन ओरडला. त्याचा पाय फळीवरून टोकाकडे ओढला जात होता. त्यानं दोन्ही हातांनी फळी धरली.

खालचा आवाज वाढला. टुक-टुक राहिली नाही, घरघर झाली. आणि मग आम्ही मागे सरकायला लागलो. वीतभर... हातभर...

डावं इंजिन खोकलं.

"नाही, नाही, नाही," सिद्धेश पुटपुटला. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी गोळा मुठीत धरून तो दाबायला लागला, एका हातानं, मग दोन्ही हातांनी. इंजिनाशी बोलत होता. "पाच महिने मी तुला घासलंय. पाच महिने. चल. चल माझ्या राजा."

घंटा थांबली. ती दिशा हातात पकडून ठेवावी तसं मी सुकाणू पकडलं. इतकी वर्षं जे कुणी मला म्हणाले होते की हे तुझं काम नव्हे, ते सगळे त्या क्षणी पाण्याखालून मला ओढतायत असं वाटलं. मला राग आला. खरं सांगते, त्या रागात भीती कुठल्या कुठे गेली. मी मोठ्यानं ओरडले, "सोड त्याला! माझ्या बोटीला बांधलाय तो!"

डावं इंजिन लागलं. जाड, भरदार आवाज, जवानीतला असावा तसा. बोटीनं झटका दिला. वीतभर पुढे. हातभर. मग एकदम दोर सैल पडला आणि आम्ही तिघेही आडवे झालो.

खाली काहीच ऐकू येत नव्हतं. क्लेटनच्या पायावरचे वेढे आपोआप उलगडले आणि तो हिरवा दोर टोकावरून पाण्यात घसरत गेला, कुणी घाई न करता गोळा करावा तसा.

मी मागे वळून पाहिलं नाही. दोन्ही इंजिनं गात होती.

धक्क्यापाशी आलो तेव्हा ऊन फुटलं होतं आणि धुकं फाटत होतं. आधी कुणालाच समजेना. मग एकानं मागची होडी ओळखली आणि आरडाओरडा झाला. ज्युलियस अंकल कपड्यांनिशी छातीभर पाण्यात आले. त्यांनी क्लेटनचं डोकं धरलं, त्याचे कान, गाल चाचपले, आंधळ्यानं बघावं तसे. मग आमच्या बोटीच्या कडेला हात ठेवून उभे राहिले.

"कोनी चालवली?"

"मी," मी म्हटलं.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "मला चढवा," म्हणाले. "एक फेरी मारून आना."

मारली फेरी! ऊन पाण्यावर सांडलं होतं. ज्युलियस अंकल पुढे बसले होते, भिजलेले, हसत आणि रडत, आणि धक्क्यावर बायका टाळ्या वाजवत होत्या. सिद्धेश शिट्ट्या मारत होता. पन्नास वर्षांत मी स्वतःवर इतकी खूश कधी झाले नव्हते. रविवारी फादरांनी बोटीवर पवित्र पाणी शिंपडलं. आता आठवड्यातून दोनदा मी ती बाहेर काढते, आणि बंदरावर कुणी हसत नाही.

मंगळवारी क्लेटननं त्याचं बंद पडलेलं इंजिन टेंपोतून वालीवला पाठवलं. गेल्याच मे महिन्यात घेतलेलं, नवंकोरं. दुपारी शाळेत सिद्धेशचा फोन आला. "टीचर, जरा येता?" एवढंच म्हणाला.

शेडमध्ये ट्यूबलाइट भगभगीत चालू होत्या. शेजारच्या कारखान्यातलं यंत्र ठोकत होतं. सिद्धेशनं इंजिन टेबलावर उघडून ठेवलं होतं आणि स्वतः दाराशी उभा होता. मी जवळ गेले.

सिलिंडरमध्ये दट्ट्या दिसतच नव्हता. आतून काठोकाठ कालवं धरली होती, शिंपल्यांसकट. खडकावर धरतात तशी, थरावर थर, एकेक तळहाताएवढं. तेवढी वाढायला कैक वर्षं लागतात.

"तीन दिवस कोरडं आहे हे," सिद्धेश दारातूनच म्हणाला.

मी वाकून बघितलं. सगळ्यांत वरचं एक कालव थोडं उघडं होतं. माझी सावली त्याच्यावर पडली, तसं ते सावकाश मिटलं.