सुतकातली रांगोळी

शैलजा पोतनीसांच्या दारात रांगोळी दिसली, की समोरच्या रत्ना शिर्के निर्धास्त होऊन चहाचं आधण ठेवत. साताऱ्यातल्या त्या सोसायटीत तळमजल्यावर समोरासमोर दोन दारं आणि दोघीही एकट्या. रत्नाबाईंची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेलेली, त्यामुळे आवाज खणखणीत आणि नजर कायम दुसऱ्याच्या सामानावर. शैलजाबाई गणिताच्या शिक्षिका, शिस्तीच्या. अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू लुळी पडली, वाचा चार-दोन शब्दांवर आली, तेव्हा ह्या बाई आता परत ह्या दारात दिसायच्या नाहीत, असं रत्नाबाईंनी मनाशी धरूनच टाकलं होतं. पण पावसाळा सरता सरता बाई घरी आल्या, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच लुळ्या हाताने त्यांनी दारात ठिपक्यांची रांगोळी काढली. रत्नाबाईंनी तोंडात बोट घातलं.

करामत अंगरख्याची होती. गाऊनच्या आत घालायचा, मानेपासून घोट्यापर्यंतचा, बनियनच्या कापडाएवढा पातळ पोशाख. त्यात विणलेल्या तारा स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन हालचाल करवत. कानामागे चिकटवलेली चकती मेंदूतले संदेश टिपत असे. लुळ्या अवयवाकडे निघालेला संदेश अर्ध्यातच विरतो. अंगरखा त्याची नुसती सुरुवात ओळखून पुढची हालचाल पुरी करी. पुनर्वसन केंद्रातल्या डॉ. तन्वी मोघे याला 'हेतुपूर्ती' म्हणत.

"आणि सुरुवात नीट कळलीच नाही तर?" शैलजाबाईंच्या मुलाने, मिहीरने, विचारलं होतं.

"तर तो सवयीवरून अंदाज बांधतो. सकाळची वेळ, समोर गॅस, हातात लायटर, म्हणजे चहा. हेतुपूर्ती वाढवली की अंदाजाचा भाग वाढतो. म्हणून मी ती कमी ठेवलीय. मेंदूने स्वतः शिकायला हवं."

मेंदू शिकत नव्हता, हीच तर अडचण होती. एकट्याने उठणं, चहा करणं, दार उघडणं एवढं जमल्याशिवाय केंद्र कुणाला एकटं घरी सोडत नसे. शैलजाबाई त्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास होत होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना पास-नापास करणारी बाई चहाच्या कपापाशी अडून रडायला लागली, ते मिहीरला बघवेना. तो म्हणाला, "आई, माझ्याकडे बंगळुरूला चल." त्यांनी मान जोरजोरात हलवली आणि डाव्या हाताने डॉक्टरांची बाही धरली.

"वाढवा," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ शब्द शोधत राहिल्या. "घरी. माझ्या."

डॉक्टरांनी हेतुपूर्ती वाढवली. बाई पास झाल्या. त्यानंतर रोज सकाळी चहा झाला, की मिहीरच्या फोनवर अंगरख्याकडून हिरवी खूण येई आणि त्याचा जीव भांड्यात पडे. रविवारी तो व्हिडिओ कॉल करी. आई "हो, बरं" म्हणे. पूर्वी त्यात "जेवलास?" असायचं, एकदा तर "दाढी कर" असंही होतं. दिवाळीनंतर नुसतं "हो, बरं" उरलं. मिहीरला वाटलं, थकली असेल.

थंडीत मिहीरचे सख्खे काका, वसंतराव, कराडला वारले. त्याने निघता निघता आईला फोन लावला. "आई, वसंतकाका गेले गं. आपल्याला दहा दिवस सुतक."

"हो, बरं," आई म्हणाली.

ज्या दिराला तिने लग्नानंतर अभ्यासाला बसवून दहावी पास केलं होतं, तो गेल्यावर बरं? मिहीरला कसंसंच झालं. पण धक्का बसला असेल, अशी स्वतःची समजूत घालून तो गाडीत बसला. कॉल करून त्याने रत्नाबाईंनाही कळवलं, आईकडे लक्ष ठेवा म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नाबाईंनी दार उघडलं आणि समोर रांगोळी बघून त्या जागीच थबकल्या. ठिपके नेहमीसारखे सरळ रेषेत, हळदीकुंकू वाहिलेलं. आतून देवघरातली घंटा ऐकू येत होती.

स्वतःची सासू गेली तेव्हा ह्याच शैलावहिनींनी देवघरावर पडदा ओढला होता. रत्नाबाई भाबडेपणाने परडीभर जास्वंदी घेऊन गेल्या, तर "रत्ना, सुतक आहे, कळत नाही का?" म्हणून दारातून परत पाठवलं होतं. ते बोलणं रत्नाबाईंना कित्येक दिवस झोंबलं होतं. आणि आज?

त्या सरळ आत गेल्या. शैलजाबाई देवघरापुढे बसून दिव्यात तेल घालत होत्या. एक थेंब सांडत नव्हता.

"वहिनी, अहो सुतक आहे ना?"

हाताने काडी ओढली, वात लावली. रत्नाबाईंनी मनगट धरलं. मनगट थांबलं, सोडल्याबरोबर घंटेकडे गेलं. त्यांनी खाली वाकून तोंडाकडे पाहिलं. आता ओठाची डावी बाजूही ओघळली होती. डोळे उघडे होते, पण दिव्याकडे नव्हते, देवाकडे नव्हते.

"मिहीर, तू आधी इकडे ये," त्या फोनवर ओरडल्या. "तुझी आई पूजा करतेय, पण ती तुझी आई नाहीये रे!"

दवाखान्यात मेंदूचं चित्र निघालं. दुसरा झटका, पहिल्यापेक्षा मोठा, काही आठवड्यांपूर्वी कधीतरी येऊन गेलेला.

"कळलं कसं नाही?" मिहीर डॉ. मोघ्यांवर चिडला. "रोज हिरवी खूण येत होती मला!"

"पेशंट पडला तर अंगरखा आम्हाला कळवतो," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "त्या पडल्याच नाहीत. अंगरख्याने पडू दिलं नाही. त्याच्या अंदाजाप्रमाणे सगळं ठीक चाललं होतं. आणि सवयीचे दोन-चार शब्द तोंडातून आपोआपही निघतात."

"आणि आई? आत आहे का ती?"

"एक क्षीण संदेश अधूनमधून येतो. तो त्यांचा हेतू आहे की नुसता गोंगाट, ते सवयीच्या कामात ओळखता येत नाही. सवयीविरुद्ध त्यांनी काही केलं, एखादी गोष्ट करायची थांबल्या, तर मात्र ते त्यांचंच म्हणायचं. अंगरखा काढला तर त्या पडून राहतील, नळीने भरवावं लागेल. ठेवला तर चहा, पूजा, जेवण, सगळं चालू राहील. ते तुम्हाला ठरवावं लागेल."

रत्नाबाई बाकावरून उठल्या. "सुतक संपलं नाही अजून. आहे तोवर घरी नेऊन बघ. सुतक आहे म्हणून सांग तिला. वहिनी शुद्धीवर असेल तर दिव्याला हात लावायची नाही."

मिहीरने आईला घरी आणलं. सकाळी ती उठली, चहा केला, दोघांचा नाही, एकटीचा, आणि देवघरापुढे बसली. तो तिच्याजवळ गुडघ्यावर बसला. "आई, सुतक आहे."

काडीपेटीकडे निघालेला हात थांबला. हवेतच राहिला. मिहीरचे डोळे भरून आले. मग त्याने मागे सरून डोळे पुसले, तेवढ्यात हात पुढे झाला आणि दिवा लागला.

त्याने धावत जाऊन डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही किती जवळ होतात? माणूस फार जवळ आलं की अंगरखा हालचाल थांबवतो. भाजू नये म्हणून. लांब उभे राहून सांगा, मग कळेल."

मिहीर दुसऱ्या दिवशी लांब, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. बोलला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तोंडात शब्द आणी आणि आईची पाठमोरी मान बघून गिळून टाकी. पहिल्या दिवशी थांबलेला तो हात आईचाच होता, असं मानायला अजून जागा होती. हात थांबला नाही, तर ती जागाही जाणार होती. ह्या भीतीची त्याला लाज वाटत होती, आणि तरी दिवसामागून दिवस दिवा लागत होता. आई आत असलीच, तर रोज सुतकात दिवा लावताना तिला काय होत असेल, हा विचार तो मनाच्या कडेलाही फिरकू देत नव्हता.

सुतकाच्या शेवटच्या दिवशी रत्नाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. उंबऱ्यापुढची ताजी रांगोळी त्यांनी पायाने पुसून टाकली आणि आत पाहिलं. दिवा लागलेला होता. शैलजाबाई घंटा वाजवत होत्या.

"सांगितलंस तिला?"

मिहीरने नकारार्थी मान हलवली. "उद्या सांगतो, काकू."

"उद्या सुतक फिटतंय, बाबा," रत्नाबाई म्हणाल्या. "उद्यापासून दिवा लावायचाच असतो. मग कसं कळायचं आपल्याला?"