सतरा नंबरचं झाड

जरा डोळ्यांसमोर आणून बघा. श्रावणातली दुपार आहे. मिरजोळ्याच्या कारखान्यांमागे, लाल कातळाच्या उतारावर एक आंब्याची रोपवाटिका आहे. सर नुकतीच येऊन गेलीय, ऊन पडलंय, पण झाडांखाली अजून टपटप थेंब गळताहेत. पत्र्याच्या छपराखाली एक मुलगी बसली आहे. एका हातात कोवळं रोप, दुसऱ्या हातात हापूसची काडी आणि प्लास्टिकची पट्टी दातांत धरलेली. अशा वेळी तुम्ही तिला काही विचारलंत, तर तिनं बोलायचं कसं?

विनीतनं नेमकं तेच केलं.

"रहाट्यांची रोपवाटिका हीच ना? मी कॉम्प्युटरच्या दुकानातून आलोय."

"हं," नम्रता म्हणाली. मग डोळ्यांनीच त्याला जवळ बोलावलं आणि डोळ्यांनीच रोपाकडे खूण केली. विनीत पुढे आला, चिखलात गुडघा टेकून बसला आणि काडी जिथे रोपात खोवली होती तिथे त्यानं दोन बोटांनी धरलं.

"घट्ट," ती दातांतल्या दातांत म्हणाली. "पण चेपू नका."

पट्टी गुंडाळताना तिची बोटं त्याच्या बोटांना लागली. एकदा चुकून. दुसऱ्यांदा... तेही चुकूनच असावं.

"झालं." तिनं गाठ मारली. "जगलं की नाही ते आता पंधरा-वीस दिवसांनी कळेल. तुमचं बरं असतं, कॉम्प्युटरवर लगेच कळतं."

"लगेच कळतं... पण बरोबर कळतं असं नाही."

ती हसली. खरं तर त्या दिवशी दुकानातला संदेश नावाचा मुलगा यायचा होता. त्याला ताप आला म्हणून विनीतला पाठवलं होतं.

काम असं होतं. नम्रताचे बाबा, गंगाराम रहाटे, तीस वर्षं कलमं विकत होते. कोणतं कलम कोणत्या मोठ्या झाडाच्या काडीपासून बांधलं आणि ते कोणी नेलं, हे सगळं ते जुन्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवत. वह्यांना वाळवी लागली होती. जुना प्रोग्राम आता उघडत नव्हता, पण त्यातल्या नोंदी शाबूत होत्या. विनीतनं नवा प्रोग्राम लिहायचा, तो त्या नोंदींना जोडायचा आणि हवी ती माहिती बाहेर काढून द्यायची. त्यासाठी आठ दिवस होते. एक तारखेला तो पुण्याला नव्या नोकरीवर जाणार होता.

घाई गंगारामकाकांनाही होती. नऊ बागायतदारांचे फोन आले होते : तुमची कलमं नुसतीच वाढली, इतकी वर्षं झाली, मोहोर म्हणून धरत नाही.

"काडी ज्या झाडाची, त्याचा गुण कलमात उतरतो," काका म्हणाले. "ह्या नऊ जणांची कलमं कुठल्या झाडाची, तेवढं मला काढून दे. वांझ झाड मी अंगणात ठेवणार नाय."

विनीत ऑफिसात बसू लागला आणि त्याच्या शेजारच्या स्टुलावर शमिका. ही नम्रताची भाची, नऊ वर्षांची. तिचे बाबा बोटीवर असत, वर्षातून दोनदा घरी येत. शमिकाला प्रश्न फार पडत.

"विनीतदादा, नोंदी त्या डब्यात आहेत ना? मग त्या दिसत का नाहीत?"

"तुमच्या विहिरीत पाणी आहे ना? ते इथून दिसतं?"

"नाही. कळशी सोडावी लागते."

"इथंही तसंच. नोंदी ठेवलेल्या असतात तो डेटाबेस. ती आपली विहीर. आधी विहीर कुठे आहे ते प्रोग्रामला सांगायचं, मग दोर सोडायचा. त्याला म्हणतात जोडणी. मग काय हवं ते नीट सांगायचं. 'आंजर्ल्याच्या लोकांची नावं आण.' की नावं वर येतात, एकेक ओळ करून."

"आणि सगळंच आण म्हटलं तर?"

"तर दोर तुटेल आणि तुझी आत्या मला ओरडेल."

नम्रता दारात लेबलं लिहीत बसली होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचं एक लेबल चुकलं.

"काम झालं की दोर वर ओढून ठेवायचा," विनीत सांगत होता. "तो विहिरीत सोडून जायचं नाही. आणि एक महत्त्वाचं. तू पडद्यावर काही लिहिलंस, म्हणजे ते विहिरीत गेलं असं नाही. ते फक्त पडद्यावर असतं. 'जतन करा' दाबलंस तरच आत जातं. दाबून झाल्यावर पुन्हा 'शोधा' दाबून बघायचं, खरंच गेलं का."

"नुसतं लिहून उपयोग नाही?"

"नाही."

"नुसतं मनात असून?" दारातून नम्रतानं विचारलं.

विनीतची बोटं थांबली. "त्याचा तर... मुळीच नाही."

 शमिका दोघांकडे बघत राहिली. असे दिवस चालले होते. दुपारी नम्रता कोकम सरबत आणून ठेवी आणि म्हणे, "शमिकासाठी केलं होतं, उरलं." रोज उरे. पुण्याचा विषय मात्र दोघंही काढत नसत.

सहाव्या दिवशी प्रोग्राम चालला. विनीतनं नऊ नावं घातली, बटण दाबलं. नऊच्या नऊ ओळी आल्या. प्रत्येकीपुढे एकच आकडा होता. सतरा.

गंगारामकाकांनी कागद हातात घेतला. "झाडाच्या लागवडीचं साल पण हाय. बारा वर्षांपूर्वीचं." त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे आपलाच सतरा."

नम्रता उठून बाहेर गेली.

"मलापण बरं वाटत नाय," काका कुणाकडेच न बघता म्हणाले. "पण लोकांनी इतकी वर्षं वाट बघितली. मी शब्द देऊन कलमं दिली. उद्या माणसं बोलावतो, तोडून टाकू."

विनीतला वाटलं होतं, काम फत्ते झालं की सगळे खूश होतील. तो लॅपटॉप मिटतच होता, तोवर शमिकानं त्याची बाही ओढली. "दादा, आत्या सतराजवळ बसलीय. रडतेय, पण मी बघितलं तर म्हणाली पावसाचं पाणी आहे. पाऊस कुठंय?"

उतारावर एक गोल, भरगच्च झाड होतं. नम्रता त्याच्या बुंध्याला टेकून बसली होती. विनीत जरा अंतरावर उभा राहिला. 

"हे मी बांधलेलं पहिलं कलम," तीच म्हणाली. "चौदा वर्षांची होते. माझ्या आईचं माहेर आंजर्ल्याचं. तिच्या अंगणात एक आंबा होता, त्याच्या आंब्यांच्या गोष्टी ती आम्हाला मे महिनाभर सांगायची. तो वादळात पडला. आई एसटीनं गेली आणि पडलेल्या झाडाच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन आली. म्हणाली, आता तू बांध. माझा हात धरून बांधून घेतलं तिनं." तिनं बुंध्यावर हात ठेवला. "आई जाऊन चार वर्षं झाली. ह्या झाडाला हात लावला की... जाऊ दे. बाबांचं बरोबर आहे. लोकांचं नुकसान झालंय."

"मोहोर येतो ह्याला?"

"दरवर्षी! तेच तर कळत नाही. पण बाबा म्हणतात, नऊच्या नऊ नोंदी खोट्या कशा असतील? आणि त्याच वादळात आमचा इथला सतरासुद्धा पडला होता, त्याच्याच खड्ड्यात हे लावलं."

विनीतनं तिच्याकडे बघितलं. "थांबा. इथला... सतरा?"

"जुना सतरा हो. आमच्याकडे नंबर झाडाचा नसतो, जागेचा असतो. झाड पडलं तर तिथं लावलेल्या झाडाला तोच नंबर. पाटी तीच, खड्डा तोच. बाबांची पद्धत आहे."

विनीतचा चेहरा उतरला. तो वळला आणि चिखलातून ऑफिसकडे धावत सुटला. एक चप्पल वाटेत रुतून राहिली.

काय झालं होतं सांगतो. झाडांच्या यादीत सतरा नंबर दोनदा होता. विनीतला वाटलं, एकच झाड चुकून दोनदा लिहिलं गेलंय. त्यानं जुनी ओळ काढून टाकली आणि नवी ठेवली. कुणाला विचारलं नाही. मग प्रोग्रामनं प्रत्येक कलम त्या एकुलत्या एक सतराला जोडून दिलं. प्रोग्राम खोटं बोलला नव्हता. त्याला जेवढं दिलं होतं, तेवढंच त्यानं सांगितलं.

जुन्या नोंदींची मूळ प्रत विनीतनं जपून ठेवली होती, तेवढं मात्र शहाणपण. त्यानं ती जोडली. पुसलेली ओळ परत आणली : सतरा, पडल्याची तारीख, वादळ. हे शेवटचे रकाने त्यानं तेव्हा वाचलेच नव्हते. मग नवी मागणी लिहिली. नाव, गाव, झाड, आणि कलम नेल्याची तारीखसुद्धा. ही तारीख त्यानं आधी मागितलीच नव्हती.

ओळी एकेक करून वर आल्या. नऊच्या नऊ जणांनी कलमं वादळाच्या आधी नेली होती. तेव्हा नम्रतानं तिचं कलम बांधलंसुद्धा नव्हतं.

"काका, चूक माझी आहे," तो म्हणाला. एका पायात चप्पल नव्हती. "दोष जुन्या सतराचा. तो बारा वर्षांपूर्वीच पडला. मी त्याची ओळ पुसली म्हणून सगळं नव्यावर आलं."

गंगारामकाकांनी कागद वाचला. पुन्हा वाचला.

"नम्रा," त्यांनी हाक मारली, "उद्याच्या माणसांना नको म्हणून सांग. आणि त्या नऊ जणांची नवी कलमं बाजूला काढ. तुझ्या सतराची." मग विनीतकडे वळून म्हणाले, "विचारायचं रे, मुला. माणसं इथंच होती की बसलेली." थोड्या वेळानं, जरा हळू : "आम्हीपण सांगितलं नाय म्हणा. आम्हाला वाटतं, सगळ्यांना ठावंच असतं."

शेवटचा दिवस उजाडला. ऊन-पावसाचा खेळ चालला होता. विनीतनं सकाळभर काम केलं. प्रत्येक झाडाला त्यानं जागेच्या नंबराखेरीज त्याचा स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक दिला होता. निघायच्या आधी तो म्हणाला, "एक नोंद करून ठेवलीय. नमुना म्हणून. तपासून घ्या." आणि नम्रताकडे न बघता बाहेर गेला.

नम्रता खुर्चीत बसली. शमिका स्टुलावर चढली. नम्रतानं 'शोधा' दाबलं.

नाव : विनीत घाणेकर. झाड : सतरा, आंजर्ल्याचं. गाव : मिरजोळे.

"दादाचं गाव तर चिपळूण," शमिका म्हणाली. "चुकलं."

नम्रतानं ते ऐकलंच नाही. ती शेवटचा रकाना वाचत होती. शेरा : 'हे कलम पुण्याला न्यायचं नाही. दोन बागायतदारांनी असाच प्रोग्राम मागितलाय, दुकानात काम पुरेसं आहे. पुण्याला नाही म्हणून कळवलं. कलम इथंच वाढवायचं आहे. रोज बघायला आलो तर चालेल? घाईनं उत्तर नको. पुसलंत तरी समजेन.'

तिनं पदराच्या टोकानं पडद्यावरची धूळ पुसली, जी नव्हतीच. मग सावकाश, एका बोटानं, खाली एक शब्द टाइप केला. हात बटणाकडे गेला... आणि थांबला. गाल तापले. ती उठली आणि सरळ बाहेर चालती झाली.

विनीत सतराजवळ उभा होता. पानांतून थेंब त्याच्या खांद्यावर पडत होते आणि त्याला ते कळत नव्हतं.

"वाचलंत?"

"वाचलं."

"मग?"

"पहिल्या दिवशी काय म्हणालात? लगेच कळतं, पण बरोबर कळतं असं नाही."

"नम्रता..."

"लिहिलंय. आत." ती झाडाच्या सालीवरून बोट फिरवत होती. "घट्ट धरायचं, पण चेपायचं नाही. लक्षात आहे ना तुझ्या?"

तो 'तुझ्या' ऐकून विनीतनं चमकून तिच्याकडे बघितलं.

तेवढ्यात वीज गेली. ऑफिसातला यूपीएस पीं-पीं करू लागला आणि खिडकीतून शमिकाचं डोकं बाहेर आलं.

"आत्या! हे नुसतं पडद्यावरच आहे! तू आत टाकलंच नाहीस! आता जाईल ना सगळं... दाबू का?"

नम्रतानं विनीतकडे बघितलं. मग खिडकीकडे बघितलं. आणि मान हलवली, अगदी थोडी, पण शमिकाला दिसेल इतकी.

डोकं आत गेलं. शमिकानं दोन्ही हातांनी माउस धरला आणि 'जतन करा' दाबलं. मग शिकवलं होतं तसं 'शोधा' दाबून बघितलं. ओळ वर आली, तिच्याखाली तो एक शब्द होता, तिथंच, नीट. तिनं जोडणी बंद केली, कॉम्प्युटर बंद केला, स्टुलावरून उडी मारली आणि अख्ख्या उतारावर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली :

"आजोबा! आत्या 'चालेल' म्हणाली!"