मागच्या भिंतीची फट

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मामीची. तिने मला ती एकदाच सांगितली, तीही स्वयंपाकघराचं दार लावून. भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्यांतली ती नाही. उलट कुणी मारायला लागलं तर उठून भांडी घासायला जाते.

तुम्ही म्हणाल अमावस्या असेल, मध्यरात्र असेल. तसलं काही नाही. भर दुपार. घरामागची बाग. कुंपणाजवळची लाकडी शेड. बस्स.

मामी म्हणजे मामाची दुसरी बायको. पहिली आजारपणात गेली. ती घरी पुस्तकं बांधायची. फाटकी, पानं सुटलेली पुस्तकं लोक लांबून तिच्याकडे आणत. ती गेली, पण पुठ्ठ्यांच्या चळती, कापडाचे तुकडे, खळीची भांडी सगळं मागच्या खोलीत तसंच राहिलं. दुसऱ्या लग्नाला चार वर्षं झाली तरी मामा त्या खोलीत कुणाला हात लावू देईना.

"हे घर माझं की तिचं?" मामीने एकदा विचारलंच.

मामा वरमला. "बागेत एक शेड घेऊ," म्हणाला. "सगळं तिकडे हलवू."

मामीला वाटलं, सुटले एकदाची.

वखारीत तीन शेड मांडून ठेवल्या होत्या. मामीने सगळ्यात स्वस्त होती तिच्याकडे बोट दाखवलं. सुताराने तिच्या फळीवर टिचकी मारली.

"बाई, ही पातळ आहे. कुदळ-फावडं ठेवायला ठीक. आत कागद ठेवणार असाल तर जाड फळीची घ्या, उतरत्या छपराची."

"जाडच द्या," मामा म्हणाला. "तिच्या वस्तू आहेत."

मामीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या स्वतःच्या कपाटाचं दार सहा महिने एका बिजागरीवर लटकत होतं. त्याकडे या माणसाने ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

शेड आली. विटांवर उचलून बसवली, छपरावर डांबरी कागद ठोकला. लाकडाला तेल द्यायचं राहिलं होतं. मामाचा खांदा धरलेला, हात वर जात नाही. मामी म्हणाली, मी करते.

सुताराने जाताना बजावलं होतं, "फळ्यांच्या कापलेल्या टोकांना आधी तेल पाजा, पाणी तिथूनच शिरतं. मग दोन हात सगळीकडे. आणि फटी लांबी भरून बुजवा."

मामीने सगळं केलं. एक गोष्ट सोडून.

मागच्या भिंतीला, छपराच्या अगदी खाली, बोटभर फट होती. ती तिने मुद्दाम ठेवली. आणि बरोबर तिच्याखाली पुठ्ठे आणि कापड रचलं.

"मेलेल्या बाईशी भांडता येत नाही रे," मामी मला म्हणाली. "मग करणार काय? पावसाला करू दिलं." आवाजात राग नव्हता. पोटात दुखत होतं तिच्या, आणि तिने ते लपवलंही नाही.

कुलपाची किल्ली एकच. ती मामीच्या जुडग्यात.

मग तीन दिवस धो धो पाऊस लागला. चौथ्या दिवशी दुपारी ऊन पडलं तशी मामी निघाली. मनातल्या मनात खूश. कुलूप काढलं, दार ढकललं...

आत कोरडं ठाक.

पुठ्ठ्यावर पाण्याचा थेंब नाही. तिने वर पाहिलं...

फट दिसेना.

तिच्यावर आतून कापडाची पट्टी चिकटवली होती. पुस्तकाच्या पाठीला लावतात तशी. कडा सरळ, कोपरे दुमडलेले. मामीने स्टुलावर चढून बोट लावलं.

खळ अजून ओली होती.

मामाचा हात तिथवर पोचणं शक्य नव्हतं. मामीने पट्टी ओरबाडून काढली, कुलूप लावलं आणि घरात आली. दुसऱ्या दिवशी पाहते तर तिथे दोन पट्ट्या. एकावर एक.

तिसऱ्या दिवशी तिने कुलूप काढलंच नाही. मागे जाऊन फळीला कान लावला.

खस्स... खस्स... खस्स...

आतून ब्रश फिरत होता. सावकाश, घाई नसलेला. हातात काम मुरलेलं माणूस फिरवतं तसा.

मग थांबला.

मामीला वाटलं, पलीकडूनही कुणीतरी कान लावलाय.

पाय न वाजवता ती मागे सरली. पण तिला सगळ्यात जास्त काय झोंबलं सांगू? "माझ्यापेक्षा चांगलं काम होतं रे तिचं," असं म्हणाली मला.

त्याच संध्याकाळी मामा शेड बघायला आला. भिंतींवरून हात फिरवला, पट्ट्या पाहिल्या.

"किती निगुतीने केलंस तू! मला वाटलं नव्हतं."

चार वर्षांतलं पहिलं कौतुक. पट्ट्या आपण लावल्या नाहीत म्हणायचं, तर फट का ठेवली तेही सांगावं लागणार. मामी नुसती "हं" म्हणाली.

"किल्ली दे ना मला. बसत जाईन जरा दुपारचा."

तिने दिली.

आधी अर्धा तास बसायचा. मग तास. मग दुपारच्या दुपार तिथेच. धुणं वाळत घालताना मामीला त्याचं बोलणं ऐकू यायचं. घरात दोन शब्द बोलायचे तर जिवावर यायचं याच्या, आणि तिथे हसायचा. मग गप्प व्हायचा... कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखा... आणि पुन्हा हसायचा.

एक दिवस तिने जेवायला वाढलं आणि वाट पाहिली. अर्धा तास झाला. शेवटी बोलवायला गेली.

दार बंद. ढकललं, हललं नाही. कडी बाहेर मोकळी लोंबत होती, आणि आतून कडी सुताराने लावलेलीच नव्हती.

"अहो, चला ना. गार होतंय सगळं."



तिने दार वाजवलं...

आणि आतून आवाज आला. बाईचा. मऊ, अगत्याचा. दारात आलेल्या पाहुणीशी बोलावं तसा.

"येतील हं ते. तुम्ही थांबू नका, जेवून घ्या."

मी मामाला आडून विचारलं. तो हसला. "कसला आवाज? माझं तिथे बसणं खुपतं तुझ्या मामीला." तोंडावर तकाकी आली होती त्याच्या. मामी मात्र अर्धी झाली होती.

मी तिला म्हटलं, "मामी, सामान भर आणि आमच्याकडे राहायला ये. आजच."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीही त्या दोघांच्याच बाजूचा.

"आणि तिला रान मोकळं करून देऊ?"

 गेले तीन आठवडे मी रोज दुपारी तिला फोन करतो. ती उचलते, बोलते आणि म्हणते, ठेव आता, तुझ्या आवाजात मला त्या दोघांचं बोलणं ऐकू येत नाही.